एका घरांतील दोन मांजरें

दोन मांजरांच्या भांडणावर नभोवाणीवरून भाषण व्हावें, एवढें या विषयांत आहे तरी काय, अशी शंका कित्येक श्रोत्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. ज्या घरांत मांजर नाहीं, त्या घराला ही शंका शोभतेही. परंतु ज्यांच्या घरीं एकाचीं दोन मांजरें झालीं आणि त्यानंतर घराची शांतता गेली, त्यांना हा विषय थट्टेचा वाटणार नाहीं. रात्रीं दोन वाजतां पलंगाखालून उठणारी किंकाळी, सकाळीं गादीवर आढळणारी ओल, दिवसचे दिवस कपाटाच्या माथ्यावरून खालीं न उतरणारें एक जनावर, आणि शेवटीं 'या दोहोंपैकीं एकाला कोठें तरी सोडून या' हा घरांतील वडील माणसाचा निर्वाणीचा शब्द, हा क्रम पुष्कळ घरांनीं अनुभवलेला आहे. त्यांतील दुःखाची गोष्ट अशी कीं, सोडून देण्यासाठीं ज्याची निवड होते, तें मांजर बहुधा अपराधी नसून अपराध सोसणारें असतें.

असें कां होतें, हें ध्यानांत येण्यासाठीं एका नमुनेदार बिऱ्हाडाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधला अरुंद बोळ आणि मागें मोरी. घरांत सहा-सात वर्षांची एक मांजरी आहे. तिला सोबत म्हणून एक तरणा बोका आणला गेला. पहिले कांहीं दिवस फिसकारण्याचे व बोचकारण्याचे प्रकार झाले. मग ते थांबले, आणि मंडळींनीं समाधानाचा निःश्वास टाकला. आतां बोका दिवसाचा बराच वेळ बोळाच्या तोंडाशीं पाय पोटाखालीं घेऊन स्वस्थ बसलेला दिसतो. मांजरी पुढच्या खोलींत असते. तिचें वाळूचें घमेलें मोरींत आहे, आणि मोरीकडे जाण्याची वाट बोळांतून आहे. ती उंबऱ्यापर्यंत येते, बोका मान न हलवितां तिच्याकडे पाहतो, आणि ती परत फिरते. एवढेंच घडतें. कोणी ओरडत नाहीं, कोणी पंजा उगारीत नाहीं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं गादी ओली सांपडते. मांजरी घाणेरडी ठरते, तिला दोन चापट्या बसतात, आणि बोका मात्र किती शांत, किती गुणी म्हणून मांडीवर घेतला जातो.

मांजरांच्या जुलमाचें नेहमींचें स्वरूप असें असतें. मनुष्याच्या कल्पनेंतील भांडण म्हणजे आरडाओरड आणि मारामारी. मांजरांत तो शेवटचा अंक होय. त्याच्या आधींचे सर्व अंक मुक्यानेंच पार पडतात. एकटक पाहणें, वाटेंत बसणें, दुसरें खाण्यास आलें कीं ताटलीपाशीं येऊन उभें राहणें, तें निजलें असेल तेथें जाऊन तें उठून जाईपर्यंत थांबणें, तें घमेल्यांतून बाहेर पडण्याच्या वेळीं दबा धरणें, हीं त्या जुलमाचीं साधनें होत. मांजर आडवें गेलें तर काम होत नाहीं, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मनुष्याच्या बाबतींत ती अर्थातच पोकळ आहे. परंतु एका मांजराला दुसरें मांजर रोज आडवें जाऊं लागलें, तर त्याचें काम खरोखरच होत नाहीं. अमेरिकेंतील मार्जारवैद्यांच्या संघटनेनें २०२४ सालीं एकाच घरांतील मांजरांच्या तेढीविषयीं मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतही उघड मारामारीपेक्षां या मुक्या प्रकारांकडे लक्ष देण्यावर भर आहे.

म्हणून जुलूम करणाऱ्याकडे न पाहतां सोसणाऱ्याकडे पाहावें. निदान लवकर होतें. असें मांजर भिंतीच्या कडेकडेनें चालतें. खोलींत शिरण्यापूर्वीं थबकतें. जेवतांना वारंवार मान वळवून मागें पाहतें. घरांतील सर्वजण निजल्यावर किंवा दुसरें मांजर कोंडलेलें असतांनाच पोटभर खातें. कांहीं मांजरें अंग चाटून चाटून पोटावरचे केस घालवितात. कांहीं चाटीनाशींच होतात, व त्यांची लव राठ दिसूं लागते. हा केवळ मनाचा त्रास राहत नाहीं. सततच्या धास्तीनें मूत्राशयास दाह होणारीं मांजरें पशुवैद्यांच्या नित्य पाहण्यांत असतात. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्यानें तो दाह वाढून लघवी अडकूं शकते. घमेल्यांत पुन्हां पुन्हां बसणारा, कुंथणारा, पण लघवी न होणारा बोका दिसला, तर त्याला त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. एक-दोन दिवसांची हयगय त्याच्या प्राणावर बेतते. त्याचप्रमाणें भीतीनें अन्न सोडलेलें मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलें तर त्याच्या यकृतांत चरबी सांचून तें दगावण्याचा संभव असतो. गादीवरच्या ओलीकडे खोड म्हणून पाहणाऱ्या घरानें एवढें तरी लक्षांत ठेवावें.

खेळ कोणता आणि भांडण कोणतें, याविषयींही घरोघर मतभेद असतात. मुलें म्हणतात खेळतात, आजी म्हणते जीव घेतील. स्लोव्हाकियांतील कोशित्से येथील पशुवैद्यक विद्यापीठाच्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १०५ चित्रफितींतील २१० मांजरांचें वागणें तपासलें; त्याचा वृत्तांत २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. आवाज न करितां एकमेकांस कवटाळून लोळणें हें बहुधा खेळाचें लक्षण, आणि पाठलाग व गुरगुरणें-फिसकारणें हें बहुधा वैराचें, असें त्यांना दिसून आलें. धड खेळ नव्हे आणि धड भांडणही नव्हे, अशींही कांहीं उदाहरणें मधल्या मध्यें राहिलीं. घरच्या माणसानें याला आणखी एक कसोटी जोडावी: पाळी बदलते कीं नाहीं तें पाहावें. घटकाभर हा पुढें आणि ती मागें, घटकाभर ती पुढें आणि हा मागें, असें चाललें असेल तर खेळ. नेहमीं एकच पळत असेल आणि नेहमीं दुसरेंच पाठीस लागत असेल, तर तो खेळ एकट्याचाच आहे.

आतां या वागण्याचें मूळ. घरगुती मांजर हें आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजराच्या वंशांतील आहे. त्या रानमांजराची आशियाई शाखा आजही राजस्थान व कच्छ यांच्या रुक्ष प्रदेशांत राहते. हें जनावर एकटें शिकार करितें व एकटें खातें. लांडग्याप्रमाणें त्याला सोबत्यांची मदत लागत नाहीं, आणि एका उंदरांत दोघांचें पोटही भरत नाहीं. मनुष्य शेती करूं लागला, धान्य सांठवूं लागला, धान्यामागें उंदीर आले आणि उंदरांमागें मांजर आलें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत माणसाच्या शेजारीं आठ महिन्यांच्या मांजराचा सांगाडा पुरलेला आढळल्याचें २००४ सालीं जाहीर झालें. इतका हा सहवास जुना आहे. पण हा सहवास मनुष्याशीं. दुसऱ्या मांजराशीं कसें नांदावें, याचें शिक्षण त्याला त्या मानानें थोडेंच मिळालें. कुत्रा टोळीच्या जनावरांच्या वंशांतला. टोळींत भांडणें होतात, तशाच तीं मिटविण्याच्या रीतीही असतात. मांजरापाशीं तें शास्त्र फार तोकडें आहे. त्याची मुख्य रीत एकच, ती म्हणजे एकमेकांच्या वाटेंत न येणें. मोकळ्या रानांत ती सहज पाळतां येते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ती पाळतां येत नाहीं, आणि सारा अनर्थ तेथें आहे.

मांजरें मुळींच एकत्र राहत नाहींत, असें मात्र नव्हे. मासळीबाजारासारख्या, जेथें अन्न विपुल अशा ठिकाणीं मांजरी, त्यांच्या लेकी व बहिणी मिळून राहतात; एकमेकींचीं पिलेंही पाजतात. पण तो गोतावळा बहुतकरून रक्ताचा असतो, आणि परकें मांजर आलें तर त्याला हांकलून देण्यांत सर्वांचें एकमत असतें. तेव्हां जुन्या मांजराला सोबत म्हणून परकें मांजर आणणें, ही दया पुष्कळदां माणसाच्या कल्पनेंतली असते. म्हाताऱ्या मांजराला धिंगाणा घालणाऱ्या पोराची सोबत नको असते; त्याला ऊन पडणारी एक जागा आणि वेळेवर जेवण हवें असतें. दोन मांजरें पाळावयाचींच असतील, तर एकाच वेतांतील दोन भावंडें लहानपणींच एकत्र आणावीं हें उत्तम.

आपलें कोण व परकें कोण, हें मांजर डोळ्यांपेक्षां नाकानें अधिक ठरवितें. त्याच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर, शेपटीच्या मुळाशीं आणि पंजांच्या तळव्यांत गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला आणि माणसाच्या पोटऱ्यांना मांजर अंग घांसतें तें केवळ लाडानें नव्हे. तें तेथें आपला वास ठेवून जातें. गोडीनें नांदणारीं मांजरें एकमेकांना घांसून व चाटून एक सामाइक वास तयार करितात. तो वास म्हणजे त्या घराचें जणूं आडनांवच. ज्याच्या अंगाला तो नाहीं, तें बाहेरचें. कित्येक दिवस सख्ख्या बहिणींप्रमाणें राहिलेल्या दोन मांजरींपैकीं एक पशुवैद्याकडे जाऊन आली कीं दुसरी तिच्यावर तुटून पडते, याचें कारण हेंच. परत आलेल्या मांजरीच्या अंगाला औषधांचा व परक्या जनावरांचा वास असतो, घरचा वास नसतो. अशा वेळीं तिला अर्धा-एक दिवस निराळ्या खोलींत ठेवावें, घरांतील नेहमींच्या पांघरुणांत निजूं द्यावें, आणि मग बाहेर सोडावें. पुष्कळ मोठीं भांडणें एवढ्यानें टळतात.

जुन्या सख्यांत एकाएकीं बिघाड होण्याचीं आणखीही कारणें आहेत. मांजर साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान स्वभावानें पुरतें प्रौढ होतें. लहानपणीं एका टोपलींत निजणारीं दोन मांजरें या वयांत एकमेकांस दुरावूं शकतात. दुसरें कारण दुखण्याचें. सांधे धरलेलें, दांत किडलेलें किंवा कंठग्रंथीचा विकार जडलेलें मांजर चिडखोर होतें. शांत मांजर एकदम मारकें झालें तर इतर कोणताही उपाय करण्याआधीं पशुवैद्यास दाखवावें. तिसरें कारण अधिक गंमतीचें व अधिक घातक आहे. खिडकींत बसलेल्या बोक्याला कुंपणाच्या भिंतीवर परका बोका दिसतो. मध्यें गज असतात. राग अंगांत भरतो, पण ज्याच्यावर काढावयाचा तो हातीं लागत नाहीं. तेवढ्यांत घरची मांजरी शेजारून जाते आणि तो राग तिच्यावर निघतो. दिवाळींतल्या एखाद्या दणक्यानेंही असेंच होतें. कार्यालयांत साहेबाचे बोल खाऊन आलेला गृहस्थ घरीं मुलांवर ओरडतो, त्यांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, मांजराचा पारा उतरण्यास कित्येक तास, कधीं कधीं एखाद-दुसरा दिवसही लागतो. तोंवर दोघांस निराळें ठेवलें नाहीं, तर त्या मारामारीचीच आठवण दोघांच्या मनांत घर करिते. अशा घरांत खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागास जाड कागद चिकटविणें हा पहिला उपाय होय.

उपायांकडे वळण्यापूर्वीं अपायांची विल्हेवाट लावावी. मारणें, ओरडणें, तोंडावर पाणी उडविणें यांनीं मांजर सुधारत नाहीं. दुसरें मांजर समोर दिसलें कीं आपल्याला मार बसतो, एवढाच बोध तें घेतें, आणि त्या दुसऱ्याविषयींचा द्वेष दुप्पट होतो. 'दोघांना एका खोलींत कोंडा, आपसांत मिटवून घेतील' हा सल्ला तर शेजारधर्म म्हणून आवर्जून दिला जातो. तीं मिटवून घेत नाहींत. एक जिंकतें आणि दुसरें खचतें. आणि जुंपलेल्या मांजरांमध्यें हात कधींही घालूं नये. मध्यें पुठ्ठ्याचा मोठा तुकडा किंवा उशी सरकवावी, किंवा एकावर जाड चादर टाकावी, आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत जाऊं द्यावें. मांजराचे दांत सुईसारखे असल्यानें जखम वरून बारीक व आंतून खोल असते आणि ती लवकर चिघळते. शिवाय आपल्या देशांत पिसाळ रोगाचें भय आहेच. चावा किंवा ओरखडा लागल्यास ती जागा साबण व वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरच्या मांजरांना त्या रोगाची लस वेळच्या वेळीं टोंचून घेणें हें ओघानेंच आलें.

उपायाचें तत्त्व असें कीं, दोघांची ओळख झालीच नाहीं असें समजून ती पहिल्यापासून, नाकापासून, पुन्हां करून द्यावयाची. प्रथम दोघांस दोन खोल्यांत ठेवावें. प्रत्येकाचें अन्न, पाणी, अंथरूण व वाळूचें घमेलें त्याच्या त्याच्या खोलींत असावें. ज्या खोलींत पीडित मांजराला निर्धास्त वाटतें ती त्याला द्यावी. यांत शिक्षेचा भाग नाहीं; दोघांनाही माणसांचा सहवास व खेळ मिळाला पाहिजे. दोन्ही मांजरें पोटभर खाऊं लागलीं, ताणून निजूं लागलीं, दाराकडे पाहून अंग फुगवीनाशीं झालीं, म्हणजे पुढची पायरी. त्याला चार दिवस लागोत कीं पंधरा.

दुसऱ्या पायरीवर भेट होते ती वासांची. मऊ फडक्यानें एकाचे गाल हळूच पुसावे आणि तें फडकें दुसऱ्याच्या ताटलीजवळ ठेवावें, तसेंच उलट. अंथरुणांची अदलाबदल करावी. दिवसांतून एकदां दोघांच्या खोल्याही बदलाव्या, पण वाटेंत गांठ पडूं देऊं नये. बोक्यानें मांजरीच्या अंथरुणाचा वास घेतला आणि तेथेंच पाय पसरून तो निजला, तर काम चांगलें चाललें आहे असें समजावें. वास येतांच तो गुरगुरला, तर फडकें ताटलीपासून दूर सरकवावें आणि दोन दिवस वाट पाहावी.

नंतर बंद दाराच्या दोन बाजूंस दोघांच्या ताटल्या मांडाव्या. आरंभीं दारापासून चार-पांच हात दूर, मग रोज वीतभर जवळ. यांतील मर्म सोपें आहे. पलीकडून त्या दुसऱ्याचा वास येतो तेव्हांच नेमका आवडीचा घांस मिळतो, अशी गांठ मनांत बसली पाहिजे. घांस आवडीचाच हवा. मिठाशिवाय उकडलेल्या मासळीचे किंवा कोंबडीचे बारीक तुकडे यास उत्तम. सुकटीचा मोह मांजराला अनावर असतो, परंतु ती फार खारट असते. दुधाविषयीं गैरसमज घरोघर आहे. पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचत नाहीं, आणि भांडणाबरोबर हगवणीचीही भर पडते. कांदा-लसूण घातलेलें कालवण तर मांजराला विषारीच आहे.

दाराशीं दोघें निवांत जेवूं लागलीं, म्हणजे दृष्टिभेट. दाराच्या चौकटींत जाळी बसवितां आली तर फारच चांगलें. नाहीं तर दार दोन बोटें उघडें ठेवून आंतून-बाहेरून पक्कें अडकवावें. पहिल्या दिवशीं जाळीच्या खालच्या भागावर टॉवेल टाकावा आणि तो दिवसेंदिवस वर करीत जावा. या वेळीं बोक्याच्या डोळ्यांकडे लक्ष हवें. तो क्षणभर पाहून नजर फिरवितो, डोळे अर्धवट मिटतो, जेवणाकडे वळतो, तर ठीक. डोळे न हलवितां पाहूं लागला, कान बाजूला वळले, शेपटीचें टोंक फटकारूं लागलें, तर जाळीवर टॉवेल सोडावा व त्याचें लक्ष खेळण्याकडे वळवावें. शेवटच्या पायरीवर दोघांना एका खोलींत पांच मिनिटें एकत्र आणावें, आणि सारें सुरळीत असतांनाच ती भेट संपवावी. पुष्कळ घरीं येथेंच घाई होते. पांच मिनिटें छान गेलीं म्हणून तासभर ठेवतात, तासाच्या शेवटीं झटापट होते, आणि तीन आठवड्यांचें काम पाण्यांत जातें. तसें झाल्यास खचून न जातां एक पायरी मागें यावें. सर्व क्रमास कांहीं आठवडे लागतात. जुनें वैर असेल तर महिनेही लागतात. घरांतील एका माणसानें हें काम अंगावर घेतलें तरच तें तडीस जातें. चौघांच्या चार मतांनीं दार केव्हां तरी उघडें राहतेंच.

परंतु ओळख नव्यानें झाली आणि घर जुनेंच राहिलें, तर बोका पुन्हां बोळाच्या तोंडाशीं जाऊन बसेल. म्हणून घराची मांडणी बदलणें हा या चिकित्सेचा अर्धा भाग आहे. मांजरें दोन असतील तर वाळूचीं घमेलीं तीन असावीं, हा सर्वमान्य नियम आहे. आणि तीं एका रांगेंत मांडूं नयेत, कारण एका रांगेंतील तीन घमेलीं मांजराच्या दृष्टीनें एकच होत व त्यांवर एकाच जागेवरून पहारा ठेवतां येतो. वर वर्णिलेल्या बिऱ्हाडांत एक घमेलें पुढच्या खोलीच्या सज्ज्यांत गेलें असतें, तर त्या मांजरीची अब्रू वांचली असती. सज्ज्याला जाळी मात्र हवी. ताटल्याही वेगळ्या जागीं, एकमेकींच्या नजरेआड ठेवाव्या; एका थाळींत दोघांना जेवतांना पाहणें माणसाला गोड वाटतें, पण कित्येकदां त्यांतील एक भीत भीत गिळत असतें.

जागा अपुरी असेल तर ती उंचीनें वाढवावी. भिंतीवर दोन-तीन फळ्या पायऱ्यांसारख्या बसवून कपाटाच्या माथ्यापर्यंत वाट करून दिली, कीं जमिनीवर बोका बसला असतांही मांजरीला वरच्या वर पलीकडे जातां येतें. या वाटेला दोन तोंडें असावींत. एकाच तोंडाची फळी म्हणजे पिंजरा. पुठ्ठ्याच्या खोक्यालाही समोरासमोर दोन भोंकें पाडावीं, म्हणजे एकाशीं बोका येऊन बसला तरी दुसऱ्यांतून निसटतां येतें. फळ्यांवर जुनें गोणपाट ठोकावें. पाय घसरत नाहींत व नखें घांसण्याचीही सोय होते. या सर्वांस खर्च फारसा नाहीं, फक्त बैठकीच्या खोलीची शोभा थोडी उणी होईल.

बोक्याच्या उत्साहालाही वाट हवी. कोंडलेल्या घरांत शिकार नाहीं, म्हणून तो मांजरीचीच शिकार करूं पाहतो. काठीला दोरी व दोरीला पीस बांधून त्याला दिवसांतून दोन-तीन वेळां दहा-दहा मिनिटें खेळवावें आणि खेळ संपतांच जेवण द्यावें. धांवणें, पकडणें, खाणें आणि निजणें हा त्याचा निसर्गक्रम आहे. एकाच वेळीं पोटभर देण्याऐवजीं चार-पांच वेळां थोडें थोडें द्यावें. त्याच्या गळ्यांत घुंगरू बांधल्यानेंही कांहीं घरांत गुण येतो, कारण तो कोठें आहे हें मांजरीला आधींच कळतें. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणीं बांधावी हा प्रश्न गोष्टींत उंदरांपुढें पडला होता, येथें तो एका मांजरीसाठीं सोडवावयाचा आहे. पट्टा मात्र ओढ बसतांच सुटणारा असावा, नाहीं तर खिडकीच्या गजांत अडकून फांस बसण्याचें भय असतें.

खच्चीकरणाविषयीं आपल्याकडे अजून संकोच आहे. न खच्ची केलेला बोका व माजावर येणारी मांजरी यांना एका घरांत शांतपणें नांदविणें दुरापास्त आहे. बोके आपसांत भांडतात व भिंतींवर मूत्राचे फवारे मारतात; मांजरी वर्षांतून अनेक वेळां माजावर येते. शस्त्रक्रिया लहानशी असते आणि ती अंगवळणी पडलेले पशुवैद्य शहरोशहरीं आहेत. मुंबईंत परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय तर १८८६ पासूनचें आहे. शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकांचा परिणाम ओसरण्यास कांहीं आठवडे लागतात, तोंवर दोघांस वेगळेंच ठेवावें. फारच हट्टी प्रकरणांत पशुवैद्य मन शांत करणारें औषध देतात. तें त्यांच्याच देखरेखीखालीं द्यावें. माणसाच्या औषधांच्या डब्यांतील एकही गोळी आपल्या मतानें मांजरास देऊं नये. पॅरासिटामॉलची एखादी गोळीही मांजराचा प्राण घेण्यास पुरते.

इतकें करूनही दोघांचें जमत नाहीं, अशीं घरें असतात. तेथें दोन मार्ग राहतात. घर मोठें असेल तर त्याचे कायमचे दोन भाग करून दोघांच्या वेळा वांटून द्याव्या. घर लहान असेल तर एकासाठीं दुसरें घर शोधावें, आणि ज्याला एकटें राहणें मानवेल अशा शांत घरीं तें द्यावें. पोत्यांत घालून नदीपलीकडे किंवा मंडईच्या मागें सोडून येणें हा तिसरा मार्ग नव्हे. घरांत वाढलेल्या मांजराला बाहेरचीं मांजरें, कुत्रीं व वाहनें यांचा अनुभव नसतो. तें बहुधा भुकेनें किंवा चाकाखालीं मरतें. भुकेनें वा तहानेनें त्रास होईल अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालीं अपराधही आहे.

समेट झाला हें कशावरून ओळखावें, हें शेवटीं सांगणें जरूर आहे, कारण येथें मंडळींची अपेक्षा भलतीच असते. दोघें एका उशीवर निजतील, एकमेकांचे कान चाटतील, असें चित्र मनांत धरून कित्येकजण निराश होतात. कांहीं जोड्यांत तें घडतें. पुष्कळांत घडत नाहीं, आणि त्याची गरजही नसते. एकाच खोलींत, चार हातांवर, एक पलंगावर व एक खुर्चीखालीं निजलें आहे. एक उठून गेलें तरी दुसऱ्यानें डोळा उघडून पुन्हां मिटला. बोका बोळांत बसला असतां मांजरी शेपूट वर करून त्याच्या शेजारून मोरीकडे गेली आणि त्यानें मान वळविली नाहीं. ती परत आली आणि आपल्या जागीं त्याच्याकडे पाठ करून बसली. ज्या घरांत मांजरी बोक्याकडे पाठ करून बसूं शकते, त्या घरांतील गादी उन्हांत घालावी, आणि सज्ज्यांतील तिसरें घमेलें मात्र हलवूं नये.